घंटा वाजली तर समजायचं शत्रू उतरला: युद्धातलं इंग्लंड, गावचं चर्च आणि मागे राहिलेली माणसं

अनघा_मिडलंड्स

लेखबिख काही नाही हा, दोन महिने डोक्यात घोळतंय ते इथे ओतते, गोड मानून घ्या.

आम्ही वॉर्विकशरमधे एका छोट्या गावात राहतो. मी ख्रिश्चन नाही, पण शेजारच्या आजींच्या नादाने गावच्या चर्चच्या टॉवरमधे दर गुरुवारी घंटा वाजवायला शिकायला जाते. इथल्या घंटा आपल्या देवळातल्यासारख्या हात वर करून टण्णकन वाजवायच्या नसतात. प्रत्येक घंटा एका मोठ्या चाकाला बसवलेली असते आणि पूर्ण गोल फिरते, दोर खाली येतो, त्याला एका जागी लोकरीचा जाड गुबगुबीत पट्टा विणलेला असतो, तो पकडायचा, सोडायचा, परत पकडायचा. सोडायला उशीर झाला की दोर माणसाला घेऊन वर जातो (झालंय माझं, हसू नका). सहा घंटा, सहा माणसं, आणि क्रम सारखा बदलत राहायचा. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सात घेतल्या तर ५०४०, ते सगळे वाजवायला तीनेक तास लागतात. इथले लोक ते हौसेने करतात, मधे चहासुद्धा नाही.

तर त्या खोलीत भिंतीवर लाकडी फळ्या आहेत, कोणत्या साली कोणी किती क्रम वाजवले ते सोनेरी अक्षरात. वाचता वाचता लक्षात आलं की १९३९ नंतर एकदम १९४६. मी विचारलं मधली फळी कुठेय, तर आजी म्हणाल्या फळी नाहीच, घंटाच बंद होत्या.

म्हणजे झालं असं की जून १९४० मधे फ्रान्स पडत होतं, जर्मन सैनिक हवाई छत्रीने गावागावात उतरतील अशी धास्ती, म्हणून सरकारने देशभरातल्या चर्चच्या घंटा बंद केल्या. रविवारची प्रार्थना, लग्न, मयत, कशालाच वाजवायच्या नाहीत. वाजली तर एकच अर्थ, शत्रू उतरला. ७ सप्टेंबर १९४० च्या रात्री वरून सावध राहायचा इशारा आला, तर काही गावांनी खरोखर वाजवल्यासुद्धा, लोक काठ्या न् बंदुका घेऊन शेतात. कोणी आलं नव्हतं. पुढे इजिप्तमधली अल अलामीनची लढाई जिंकल्यावर १५ नोव्हेंबर १९४२ ला एका दिवसापुरत्या वाजल्या, त्या वर्षीच्या नाताळला परत, आणि बंदी उठली ती १९४३ मधे.

मला युद्ध म्हणजे चर्चिल आणि विमानं एवढंच माहीत होतं. आजी सांगतात त्यात चर्चिल येतच नाही. त्यात पडदे येतात, साखर येते, आणि चर्चची वेळ येते. खिडक्या एवढ्या उंच की काळं कापड लावणार कसं, आणि उजेड बाहेर दिसला तर दंड. मग संध्याकाळची प्रार्थना हिवाळ्यात दुपारी तीनला आणली. आजींच्या आईची तक्रार अशी की देवाचं ठीक आहे पण तीनला ओव्हनमधे काहीतरी असतं.

गावोगावच्या पाट्या काढल्या, शत्रूला रस्ता कळू नये म्हणून. चर्चच्या नोटीस बोर्डावरचं गावाचं नावसुद्धा रंग फासून पुसलं. बोर्ड तसाच उभा, वर लिहिलेलं 'सेंट अमुक यांचं चर्च', आणि कुठलं, तर काळा पट्टा.

आणि यादी. व्हिकार, म्हणजे गावच्या चर्चचे पाळक, दर रविवारी गावातल्या लढायला गेलेल्या पोरांची नावं वाचायचे. एक यादी लढत असलेल्यांची, दुसरी बेपत्ता किंवा कैदेत असलेल्यांची, तिसरी वारलेल्यांची. आजी आठ-नऊ वर्षांच्या, त्यांना शब्द कळायचे नाहीत, पण नाव पहिल्या यादीत आलं नाही की पुढच्या बाकावरची कोणाची तरी पाठ कशी व्हायची ते अजून आठवतं म्हणाल्या.

तुमच्याकडे असं काही आहे का? घरचं, ऐकलेलं, वाचलेलं. युद्ध चालू असताना जी माणसं मागे राहतात त्यांचं.

तिरकस_तात्या

छान लिहिलंय, पण एक मिठाचा खडा टाकतो. हे लोक साखर मोजून खात होते तेव्हा १९४३ ला बंगालमधे २० ते ३० लाख माणसं उपाशी मेली. त्यांच्या चर्चमधे ती यादी वाचली का कोणी?

अनघा_मिडलंड्स

@तात्या, नाही वाचली, निदान आजींना आठवत नाही. मी मुद्दाम विचारलं. त्यांनी बंगालचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते खूप नंतर.

नगरची_मावशी

अनघा, वाचून अंगावर काटा आला बाई. आम्ही नगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतले. आमच्याकडे कापणीच्या सणाला लोक धान्य, भोपळे, कोंबड्या काय वाट्टेल ते देवळात आणतात न् मग लिलाव होतो (हो आम्ही देऊळच म्हणतो), तिकडे युद्धात तो सण कसा करायचे गं? खायलाच नाही तर आणणार काय?

आणि नगरचं म्हणशील तर इथे पहिल्या महायुद्धात जर्मन लोकांना पकडून ठेवायची मोठी छावणी होती, त्यात मिशनरीसुद्धा. दुसऱ्या युद्धात पुरंदर किल्ल्यावर, साताऱ्याला ठेवले. म्हणजे आदल्या रविवारपर्यंत ज्यांनी उपासना घेतली ते पुढच्या रविवारी शत्रू. आमचे आजोबा सांगायचे, की मंडळीत दोन तट पडले होते, एकाचं म्हणणं पाळक तो पाळक, दुसऱ्याचं म्हणणं जर्मन तो जर्मन. आजोबा कोणत्या बाजूचे ते कधी बोलले नाहीत.

अनघा_मिडलंड्स

मावशी, कापणीचा सण मजेचा विषय आहे! तो बंद पडला नाही, उलट जोर आला. सगळीकडे 'अंगणात पिकवा' ची मोहीम, लॉन खणून बटाटे, त्यामुळे आणायला भाजी भरपूर. भोपळे, कांदे (कांदा फार भाव खाऊन होता, युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत मिळायचाच नाही), आणि विकून पैसे रेड क्रॉसला.

रेशन असं होतं. जानेवारी १९४० पासून बेकन, लोणी, साखर. जुलैपासून चहा. माणशी आठवड्याला चहा दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. आपल्या घरी ५७ ग्रॅम चहापत्ती किती टिकेल बघा, आमच्याकडे सासूबाई आल्या तर तीन दिवस. साखर आठ औंस, पाव किलोच्या आत. चर्चच्या चहाला प्रत्येकजण स्वतःची साखर पुडीत बांधून आणायचा, आणि पुडी परत नेताना त्यात उरलेली किती हे सगळ्या बायका डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्या. लग्नाच्या केकवर साखरेचं आयसिंग करायला १९४० पासून बंदी, मग पुठ्ठ्याचा पांढराशुभ्र तीन मजली केक भाड्याने आणायचा, फोटो काढायचा, आणि उचलला की खाली छोटासा सुका केक. आजींच्या मावशीच्या फोटोत आहे तो, पुठ्ठ्याचा कोपरा जरा चेपलेलासुद्धा दिसतो.

ब्रेडवर मात्र युद्धभर रेशन नव्हतं, ते आलं १९४६ ला, जिंकल्यावर. आणि सगळं रेशन संपलं १९५४ ला.

बाकी जॅम. तिथलं गावोगावचं महिला मंडळ म्हणजे विमेन्स इन्स्टिट्यूट, सरकारने त्यांना खास साखर दिली, झाडाखाली सडून जाणारी फळं वाचवा म्हणून. १९४० च्या एका मोसमात देशभरात १६०० टनांहून जास्त जॅम आणि टिकवलेली फळं. अमेरिकेतल्या बायकांनी डबे बंद करायची यंत्रं पाठवली होती. आमच्या गावात हे चर्चच्या हॉलमधे चालायचं. मुलांना आत बंदी, कारण उघड आहे.

पन्हाळ्याचा_पक्या

आयला आमच्या कोल्हापूरला कोण विचारायचं की नाही? वळिवडे!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश लोक राहत होते. बायका न् पोरंच जास्त. १९४० च्या सुमाराला रशियाने ह्यांना पूर्व पोलंडातून उचलून सैबेरिया न् कझाकस्तानकडं टाकलं, ४१ ला जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर सुटका झाली, मग इराणमार्गे फिरत फिरत हिंदुस्थानात. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोरांना आसरा दिला ते बऱ्याच जणांना माहितेय. वळिवड्याची छावणी त्याहून लै मोठी. कौलारू बराकी, शाळा, दवाखाना, नाटकं, स्काउट, आणि स्वतःचं चर्च. ह्यांचे बाप न् भाऊ पोलिश जनरल अँडर्सच्या सैन्यात, इटलीत माँटे कॅसिनोला लढत होते मे १९४४ ला. म्हणजे तुमचं ते मागे राहिलेल्यांचं गाव आमच्या पंचगंगेच्या काठाला होतं, फक्त गाव पोलंडचं.

आमचा पणजा छावणीला कोबी घालायचा. गाडीभर कोबी! पणजीला कळायचं नाही एवढा कोबी करतात काय, तर आंबवून ठेवतात म्हणे, वास सुटायचा. घरात सांगतात ते असं, की नाताळच्या आदल्या रात्री पणजा उशिरा पैसे मागायला गेला, तर सगळी मंडळी बराकीबाहेर आभाळाकडं बघत उभी. पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायचं नाही. आत टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलेलं, कोणी नसताना. पणजा म्हणाला हे कोणाचं, तर म्हणे अचानक येईल त्याचं. आता तेव्हा आलेला पणजाच, मग त्यालाच बसवला! माळकरी माणूस, आत काय काय वाढलंय काय माहीत, त्याने त्यांची ती पापडीसारखी पातळ चपाती मोडून खाल्ली न् उठला. पैसे मागितले नाहीत त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मागितले.

रुता_हॅम्बर्ग

@पक्या, ते जास्तीचं ताट पोलिश लोक अजून मांडतात, माझ्या शेजारणीकडे पाहिलंय. ती 'पापडी' पण खरी, नाताळच्या रात्री एकमेकांच्या हातातली मोडून खातात, एकेकाला शुभेच्छा देत.

घंटांवरून, इकडची बाजू सांगते. इंग्लंडमधे घंटा गप्प केल्या, जर्मनीने काढूनच नेल्या. तांबं आणि कथील हवं होतं. जर्मनीतल्या आणि जिंकलेल्या सगळ्या देशांतल्या मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास घंटा उतरवल्या, त्यातल्या दीड लाख वितळवल्या. जुनेपणा पाहून ए बी सी डी अशी वर्गवारी, ए म्हणजे आधी वितळवायची, डी म्हणजे ठेवायची. आमच्या हॅम्बर्ग बंदरात वितळवायच्या रांगेतल्या घंटा पसरलेल्या असायच्या, त्याला लोक घंटांचं कब्रस्तान म्हणायचे. युद्ध संपलं तेव्हा हजारो तशाच पडल्या होत्या, मग कोणती कुठल्या गावची हे शोधून परत पाठवायचं काम कित्येक वर्षं चाललं. बहुतेक चर्चना एक घंटा ठेवू दिली होती. त्यामुळे माझ्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ म्हणतात की लहानपणी आमचं गाव एकाच सुरात बोलायचं.

वसईकर_डाबरे

घंटा आणि युद्ध म्हटल्यावर वसई आलीच पाहिजे 🙂 चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा आमच्या चर्चच्या घंटा हत्तीवरून गेल्या म्हणतात. हत्तीचं मी पैजेवर सांगणार नाही, पण घंटा गेल्या हे नक्की. नाशिकची नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची, वाईजवळ मेणवलीची, सगळ्या पोर्तुगीज. मेणवलीच्या घंटेवर मारियामातेची मूर्ती आहे आणि खाली कृष्णेचा घाट. मी गेलो होतो तेव्हा हळूच हात लावून आलो, म्हटलं कशी आहेस गं.

माझी स्वतःची आठवण १९७१ ची. डिसेंबर, म्हणजे ऐन आगमन काळ, नाताळच्या आधीचे आठवडे. ब्लॅकआउट. मी सहा वर्षांचा. काचांना तपकिरी कागद, गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग. आमचे आजोबा नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा) बांधायचे त्यात दरवर्षी छोटा बल्ब, त्या वर्षी बल्ब नाही. मी रडलो तर म्हणाले पहिल्या नाताळला पण बल्ब नव्हता. पण युद्ध १६ तारखेला संपलं, आणि आजोबा लगेच वायर घेऊन बसले, म्हणजे बल्ब त्यांनाही हवाच होता.

तिरकस_तात्या

सगळं गोड चाललंय. माझा मुद्दा राहिलाच. चर्चने युद्धात काय केलं, तर झेंड्याला आशीर्वाद दिला. दोन्हीकडच्या चर्चने, एकाच देवाकडे.

कावेरी_ताम्हण

@तात्या, अर्धं मान्य. राष्ट्रीय प्रार्थना दिवस वगैरे होतेच, २६ मे १९४० ला राजासकट सगळा देश चर्चमधे, आणि मग फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला अडकलेले सैनिक वाचून आले तर लोक म्हणाले चमत्कार. पण सगळे त्यातले नव्हते. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी फेब्रुवारी १९४४ मधे हाउस ऑफ लॉर्ड्समधे उभं राहून विचारलं होतं की जर्मनीतली अख्खी शहरं जाळणं कोणत्या न्यायात बसतं. भर युद्धात, स्वतःच्या सरकारला. बऱ्याच जणांना ते रुचलं नाही.

आणि उपासमारीवरून, ऑक्टोबर १९४२ मधे ऑक्सफर्डच्या विद्यापीठ चर्चमधे काही लोक जमले ते ग्रीसमधल्या भुकेल्यांसाठी. ग्रीस जर्मनांच्या ताब्यात, आणि ब्रिटिश नाकेबंदीमुळेच अन्न पोचत नव्हतं. म्हणजे आपल्याच नौदलाविरुद्ध मागणी. तीच समिती पुढे ऑक्सफॅम झाली. बंगालमधे क्वेकर लोकांची (युद्धविरोधी ख्रिस्ती पंथ) अँब्युलन्स तुकडी होती, १९४२ ला आली, दुष्काळात काम केलं.

तिरकस_तात्या

बेल यांचं माहीत नव्हतं. वाचतो. पण ग्रीससाठी समिती आणि बंगालसाठी तुकडी, हा फरक तुम्हीच सांगितलात, मी नाही.

नगरची_मावशी

तात्या, तुमचं खरं आहे, पण मागे राहिलेल्या बाईला कोणी विचारून युद्ध करत नाही हो. ६२ ला आमच्या शाळेत खाकी लोकर वाटली, जवानांसाठी स्वेटर. मी सातवीत. एक हात लांब एक आखूड झाला, बाईंनी उसवला नाही, म्हणाल्या जाऊ दे, थंडीत चालतो. मला कित्येक वर्षं वाटायचं तो कोणी घातला असेल.

अनघा_मिडलंड्स

मावशी 😂 इकडेही तेच! व्हिकारच्या घरी विणकाम मंडळ, नौदलासाठी तेलकट लोकरीचे लांब मोजे, हाताला वास राहायचा.

एक राहिलं, पोरं. १ सप्टेंबर १९३९ पासून तीन दिवसांत शहरांतून १५ लाखांच्या आसपास माणसं खेड्यांत हलवली, बहुतेक मुलं. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा खोका. आमच्या चर्च हॉलमधे बर्मिंगहॅमची मुलं भिंतीला उभी केली आणि गावातल्या बायका येऊन निवडून घेऊन जायच्या. शेतकऱ्यांना धट्टीकट्टी मुलं हवी, कोणाला नीटनेटकी मुलगी. शेवटी उरायची ती भावंडं, कारण दोघांना मिळून कोण घेणार. आजींच्या आईने दोन बहिणी आणल्या, त्या नाताळपर्यंत परत घरी गेल्या, तोवर बॉम्ब पडलेच नव्हते ना. बऱ्याच ठिकाणी असंच झालं. लिव्हरपूलची कॅथलिक मुलं वेल्समधल्या कडक प्रोटेस्टंट गावांत गेली तिथे तर रविवारी यांना न्यायचं कुठे यावरून धुसफूस.

त्याच रविवारी, ३ तारखेला, सव्वाअकराला रेडिओवर युद्ध जाहीर झालं तेव्हा अर्धं गाव चर्चमधेच होतं. कोणीतरी मागून चिठ्ठी आणून व्हिकारच्या हातात दिली.

आणि १४ नोव्हेंबर १९४०. कॉव्हेंट्री इथून लांब नाही. चांदणी रात्र. आजींना वडिलांनी उचलून दाखवलं, आकाश त्या बाजूला लाल, आणि घंटा तर वाजवता येत नाही. त्या रात्रीच्या जर्मन बॉम्बहल्ल्यात ५०० हून जास्त माणसं गेली. कॅथेड्रलच्या छपरावर तिथले प्रोव्होस्ट (मुख्य पाळक) हॉवर्ड आणि आणखी तिघं आगीचे गोळे वाळूने विझवत होते, मग पाणीच संपलं. सकाळी फक्त भिंती आणि मनोरा. गवंड्याने दोन जळक्या तुळया एकमेकींवर बांधून क्रूस केला, तो पाहिलाय मी. नाताळला हॉवर्ड तिथूनच रेडिओवर बोलले, सूड नको म्हणाले. आजींचे वडील रेडिओ बंद करून बाहेर गेले म्हणे. त्यांचा भाऊ तिथल्या कारखान्यात होता त्या रात्री.

पन्हाळ्याचा_पक्या

भाऊ वाचला का?

अनघा_मिडलंड्स

नाही.

रुता_हॅम्बर्ग

अनघा, १९४२ ला घंटा परत वाजल्या त्या दिवसाचं काही सांगितलं का आजींनी? अडीच वर्षं सराव नाही म्हणजे कसं वाजवलं असेल?

अनघा_मिडलंड्स

काल विचारलं. वाजवणारे सहापैकी चार सैन्यात होते, त्यामुळे दोन म्हातारे आणि हँडबेलवर, म्हणजे हातात धरायच्या छोट्या घंटांवर, शिकलेल्या बायका. बायकांनी तोपर्यंत खऱ्या दोराला हात लावला नव्हता. फार वाईट वाजलं म्हणाल्या, धडाधडा, कोणाचा कोणाला मेळ नाही. लोक रडले वगैरे असं मला वाटलं होतं, म्हणून मी खोदून विचारलं. तर त्यांना आठवतो तो त्यांचा कुत्रा. तो ४१ चा, त्याने घंटा कधी ऐकलीच नव्हती. पहिल्या ठोक्याला जो टेबलाखाली गेला तो दुपारपर्यंत बाहेर नाही. आणि धाकटा भाऊ, वय वर्षं तीन, दारात उभा राहून विचारत होता, जर्मन आले का.

नगरची_मावशी

अगं बाई. कुत्र्याचं नाव काय होतं?

अनघा_मिडलंड्स

विचारलंच नाही बघा. गुरुवारी विचारते.